उदासी मनाची, दाह शरीराचा

ताप आला की माणसाचे काय होते, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. तोंडाची चव जाते, जेवण नको होते. अंथरुणातून उठवत नाही. कुणी बोलायला आले तर नकोसे वाटते. एरवी ज्या मुलाला मांडीवरून खाली उतरवत नाही, त्यालाही आपण 'जा बेटा, जरा पडू दे मला' असे म्हणतो. रात्री झोप लागत नाही, दिवसा डोळे मिटत राहतात. चार-पाच दिवसांनी ताप उतरतो, माणूस उठून बसतो, चहा मागतो आणि घरचे अल्लाहचे शुक्र अदा करतात. त्या चार दिवसांत त्याला कुणी आळशी म्हटलेले नसते.

आता हीच लक्षणे ताप नसताना आली तर? भूक गेली, झोप बिघडली, अंगातली ताकद गेली, माणसे नकोशी झाली, कशातच गोडी उरली नाही, आणि हे चार दिवस नव्हे तर चार महिने चालले. मग घरातली भाषा बदलते. 'हिला कामच नको', 'नजर लागली', 'मोबाईल बघून डोके फिरले', आणि सगळ्यात जिव्हारी लागणारे वाक्य, 'इमान कमजोर झाले आहे, नमाजमध्ये मन लाव, सगळे ठीक होईल.' ऐकणारी बाई आधीच स्वतःला दोष देत असते. तिच्या दुःखात गुन्हेगार असल्याच्या भावनेची भर पडते.

ताप आणि नैराश्य यांची लक्षणे इतकी सारखी का, हा प्रश्न गेली तीस-पस्तीस वर्षे संशोधक विचारत आहेत. त्यांना जे सापडले ते आपल्या घरांसाठी फार उपयोगाचे आहे, म्हणून या महिन्यात आम्ही तोच विषय घेतला आहे.

दाह म्हणजे काय?

बोटाला काटा टोचला की ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. याला वैद्यकाच्या भाषेत दाह म्हणतात. दाह हा आजार नव्हे, तो शरीराचा बंदोबस्त आहे. जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या जागी धावतात आणि 'सायटोकाइन' नावाची रसायने सोडतात. ही रसायने निरोप्याचे काम करतात. इंटरल्युकिन-६ हा त्यातला एक निरोप्या. त्याचा निरोप यकृतापर्यंत पोहोचला की यकृत 'सीआरपी' नावाचे प्रथिन तयार करते. डॉक्टर रक्त तपासून सीआरपी बघतात ते शरीरात कुठे दाह चालू आहे का, हे कळावे म्हणून.

काट्याचा दाह दोन दिवसांत शमतो. पण दुसऱ्या प्रकारचा दाह मंद असतो, चुलीतल्या राखेखालच्या निखाऱ्यासारखा. तो दिसत नाही, ठणकत नाही, पण महिनोन्‌महिने धुमसत राहतो. पोटाभोवती साठलेली चरबी, मधुमेह, संधिवात, हिरड्यांचा जुना आजार, तंबाखू, अपुरी झोप आणि न संपणारा ताण ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

निरोप मेंदूपर्यंत जातो

पूर्वी असा समज होता की मेंदू म्हणजे तटबंदीच्या आतला किल्ला, शरीरातल्या या लढाईशी त्याला काही देणेघेणे नाही. हा समज आता मागे पडला आहे. सायटोकाइनचा निरोप रक्तातून आणि पोटापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेतून मेंदूला मिळतो. २०१५ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांना उंदरांच्या मेंदूच्या आवरणात लसीकावाहिन्या सापडल्या. त्या तिथे नसतात असेच तोपर्यंत शिकवले जात होते.

निरोप मिळाल्यावर मेंदू काय करतो? कॅलिफोर्नियातले पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ साली याचे उत्तर जनावरांकडे पाहून दिले. आजारी बकरी कळपापासून दूर जाते, चारा सोडते, कोपऱ्यात मान टाकून बसते. ते तिचे हरणे नसते. हिंडण्या-फिरण्यात जाणारी ताकद वाचवून ती ताप टिकवायला आणि जंतूंशी लढायला वापरता यावी, म्हणून शरीरच तिला बसवते. माणसाच्या तापातही हेच घडते. लढाई संपली की मेंदू 'आता ऊठ' म्हणतो. पण निखारा विझलाच नाही, तर? काही लोकांच्या बाबतीत तो 'ऊठ' हा हुकूम यायचा राहून जातो, असे आता मानले जाते.

आणखी एक गोष्ट. सेरोटोनिन हे मनाची स्थिती राखण्यात भाग घेणारे रसायन शरीर ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकापासून बनवते. हा घटक आपल्याला दूध, अंडी, डाळी, मांस यांतून मिळतो. दाह वाढला की शरीरातले एक विकर ट्रिप्टोफॅनला दुसऱ्या वाटेने वळवते आणि त्यातून मेंदूला त्रासदायक ठरू शकणारे पदार्थही तयार होतात. दाहाचा मनावर परिणाम कसा होतो, याचा हा एक मार्ग असावा असे संशोधक मानतात.

पुरावा काय?

कुणी म्हणेल, ही नुसती कल्पना झाली. तर सगळ्यात ठळक पुरावा औषधातूनच मिळाला. हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारावर नव्या गोळ्या येण्यापूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने देत असत. इंटरफेरॉन हाही एक सायटोकाइनच. ती इंजेक्शने सुरू असताना साधारण चारपैकी एका, तर काही पाहण्यांत तीनपैकी एका रुग्णाला खरेखुरे नैराश्य आले. ही माणसे आधी हसती-खेळती होती. त्यांच्या घरात नवे दुःख आले नव्हते, इमान कमी झाले नव्हते. बदलले होते ते फक्त रक्तातले एक रसायन.

अमेरिकेत अटलांटा इथल्या एमरी विद्यापीठात त्वचेच्या कर्करोगाच्या ४० रुग्णांना इंटरफेरॉन द्यायचे होते. त्यांतल्या निम्म्यांना दोन आठवडे आधीपासून नैराश्यावरची गोळी दिली, उरलेल्यांना बिनऔषधी गोळी. २००१ साली निष्कर्ष छापून आले. बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपैकी ४५ टक्क्यांना नैराश्य आले, खरी गोळी घेणाऱ्यांपैकी ११ टक्क्यांना.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ च्या सुमारास जन्मलेल्या मुलांचा अभ्यास आजही चालू आहे. त्यातल्या हजारो मुलांचे रक्त नवव्या वर्षी तपासले होते. ज्यांच्या रक्तात त्या वेळी इंटरल्युकिन-६ जास्त होते, त्यांच्यात अठराव्या वर्षी नैराश्याची शक्यता कमी असणाऱ्यांच्या मानाने सुमारे दीडपट निघाली. म्हणजे दाह आधी, उदासी नंतर.

पण ही वाट एकेरी नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांवर संशोधकांनी आयुष्यभर लक्ष ठेवले. ज्यांना लहानपणी मारहाण, धुत्कार, छळ सोसावा लागला, त्यांच्या रक्तात बत्तिसाव्या वर्षीही दाहाच्या खुणा जास्त आढळल्या. मार बसला तेव्हाचा वळ केव्हाच गेला, पण रक्ताने तो लक्षात ठेवला. मुलाला शिस्त लावायची म्हणून हात उचलणाऱ्या आई-वडिलांनी आणि सुनेला रोज टोचून बोलणाऱ्या घरांनी हे वाक्य पुन्हा वाचावे, अशी आमची विनंती आहे.

सगळ्यांचे नैराश्य असे नसते

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. प्रत्येक उदास माणसाच्या शरीरात दाह असतो असे नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१९ साली जो हिशेब मांडला गेला, त्यानुसार नैराश्याच्या रुग्णांपैकी साधारण २७ टक्के लोकांच्या रक्तात सीआरपी वाढलेले, म्हणजे लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर असते. बाकीच्यांत ते तितके वाढलेले नसते, आणि तरीही त्यांचा आजार तितकाच खरा असतो. कर्ज, तलाक, मूल गमावणे, एकटेपणा, घराण्यातली प्रवृत्ती, अशी नैराश्याची वाट अनेक ठिकाणांहून सुरू होते.

मग दाह कमी करणारे औषध दिले की नैराश्य जाईल का? हेही करून पाहिले आहे. एमरी विद्यापीठातच नेहमीच्या औषधांनी बरे न झालेल्या ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब या संधिवातावरच्या जोरदार औषधाचा प्रयोग झाला. २०१३ साली निकाल आला. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर औषधाचा फायदा दिसला नाही. मात्र ज्यांचे सीआरपी आधीच ५ च्या वर होते, त्यांना फायदा होताना दिसला. ज्यांच्यात दाह नव्हता, त्यांना उलट बिनऔषधी उपचारच बरा गेला. पाकिस्तानात बायपोलर आजारातल्या नैराश्याच्या २६६ रुग्णांना मिनोसायक्लिन आणि सेलेकॉक्सिब ही दाह कमी करणारी औषधे जोडून दिली. २०२० साली आलेल्या निकालात त्यांचा उपयोग दिसला नाही.

म्हणून वाचकांना कळकळीचे सांगणे आहे. हा लेख वाचून कुणी मेडिकलमधून सुजेच्या गोळ्या आणून खाऊ नयेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या रोज खाल्ल्या तर जठरात जखम होते, मूत्रपिंड बिघडते. नैराश्यावरच्या काही औषधांबरोबर त्या घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. सांधेदुखीवर पुड्या बांधून देणाऱ्यांकडे तर जाऊच नये. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले असते आणि स्टेरॉइडमुळे मनाचा तोल आणखी जाऊ शकतो. आपणहून लॅबमध्ये जाऊन सीआरपी काढण्यातही अर्थ नाही. साध्या सर्दी-खोकल्यानेही ते वाढते.

बल्खींचा ग्रंथ

शरीर आणि मन यांना वेगळे काढून पाहण्याची सवय आपल्यात कुठून आली कोण जाणे, कारण आपल्या जुन्या विद्वानांत ती नव्हती. अबू ज़ैद अल-बल्खी हे आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्ख परिसरातले विद्वान. बगदादला जाऊन शिकले, इ. स. ९३४ मध्ये वारले. त्यांनी 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस' नावाचा ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला भाग शरीराच्या आरोग्यावर आहे, दुसरा मनाच्या. दोन्ही एकाच ग्रंथात का, तर शरीर दुखले की मन दुखते आणि मन दुखले की शरीर, अशी त्यांची मांडणी होती. केवळ शरीर बघणाऱ्या हकिमांबद्दल त्यांची तक्रार होती.

दुःखाचे त्यांनी दोन प्रकार केले. एक, ज्याचे कारण माहीत असते, जसे प्रिय माणसाचा किंवा मालमत्तेचा वियोग. दुसरे, ज्याचे कारण सांगता येत नाही. या दुसऱ्या प्रकाराचे मूळ त्यांनी शरीरात, रक्ताच्या बिघाडात शोधले आणि त्यासाठी शरीराचाही इलाज करावा असे लिहिले. त्यांना सायटोकाइन ठाऊक होते असा दावा आम्ही करणार नाही. त्यांचे रक्ताबद्दलचे ज्ञान त्यांच्या काळाचे होते. पण कारण न सापडणारी उदासी पाहून त्यांनी रुग्णाच्या इमानावर बोट ठेवले नाही, ते त्याच्या तब्येतीकडे वळले. अकराशे वर्षांपूर्वीच्या हकिमाला जे सुचले, ते आज आपल्या मोहल्ल्यात का सुचू नये?

घरात काय करता येईल?

पहिली गोष्ट, ओळखणे. दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळपास रोज, मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल. त्यासोबत झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकते. आपल्या घरांतल्या बायका 'मी उदास आहे' असे क्वचितच म्हणतात. त्या म्हणतात, 'अंग दुखते', 'डोके जड आहे', 'छातीत धडधडते'. ज्या अम्मीला मधुमेह किंवा संधिवात आहे आणि जी अलीकडे गप्प गप्प झाली आहे, तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने सांधे धरून बसलेल्या माणसाकडेही. या आजारांत नैराश्याचे प्रमाण जास्त असते. दुखणे आणि उदासी एकमेकांना वाढवतात, म्हणून दोन्हींचा इलाज बरोबरच व्हायला हवा.

दुसरी गोष्ट, डॉक्टर. आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ यांच्या बिघाडानेही उदासी आणि थकवा येतो. ते तपासून घेता येते. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला लाजू नये. वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि जिल्हा रुग्णालयांत ही सोय असते. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून त्या सोडू नयेत, आणि बरे वाटले म्हणून डॉक्टरांना न विचारता एकदम बंदही करू नयेत. रमजानमध्ये अशी चूक अनेक घरांत होते. दिवसातून एकदाच घ्यायच्या बऱ्याच गोळ्यांची वेळ इफ्तार किंवा सेहरीकडे नेता येते, पण हे डॉक्टरांशी रमजानच्या आधीच बोलून ठरवावे. लिथियम घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय रोजे धरूच नयेत, कारण अंगातले पाणी कमी झाले की रक्तातले लिथियम धोकादायक पातळीला जाऊ शकते.

तिसरी गोष्ट, खुराक. ऑस्ट्रेलियात नैराश्याच्या ६७ रुग्णांवर एक प्रयोग झाला, २०१७ साली तो छापून आला. अर्ध्या लोकांना बारा आठवडे आहार सुधारायला मदत केली. भाज्या, फळे, डाळी, अख्खे धान्य, मासे वाढवले, गोड, तळलेले आणि पाकीटबंद खाणे कमी केले. उरलेल्यांना तेवढाच वेळ गप्पागोष्टींची सोबत दिली. आहारवाल्यांपैकी ३२ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, सोबतवाल्यांपैकी ८ टक्के. प्रयोग लहान होता आणि या लोकांपैकी बहुतेकांचे नेहमीचे उपचारही चालूच होते, हे विसरू नये. पण आपल्या दस्तरखानावर बिर्याणी आणि शीरखुर्म्याशेजारी मेथी, शेवगा, मूग, ज्वारीची भाकरी आणि बांगडा यांना जागा द्यायला काय हरकत आहे? कोकणातल्या घरांना तर हे शिकवायलाच नको.

चौथी गोष्ट, चालणे, झोप आणि दात. रोज अर्धा तास चालण्याने मन आणि दाह दोन्हींवर चांगला परिणाम होतो. बायकांना एकटीने बाहेर पडायला संकोच वाटत असेल तर घरातल्या कुणीतरी सोबत जावे. फजरनंतरची वेळ उत्तम. रात्री दीडपर्यंत मोबाईल आणि पहाटे उठणे, यात शरीराला विसावा मिळत नाही. आणि मिश्री, तंबाखू, गुटखा सोडावा. मिश्रीने दात स्वच्छ होतात हा आपल्याकडच्या बायकांचा जुना समज आहे. प्रत्यक्षात तो तंबाखूच असतो, हिरड्या खराब करतो आणि त्याची सवय जडते.

पाचवी गोष्ट, बोलणे. आजारी माणसाला 'तुला काय कमी आहे?' असे विचारू नये. तापाच्या माणसाला आपण असे विचारत नाही. 'आज किती खाल्लेस? झोप लागली का? चल, दवाखान्यात मी येते' एवढे पुरते. दुआ करावी, जरूर करावी. नमाजने, कुरआनच्या तिलावतीने अनेकांच्या मनाला करार मिळतो. पण दुआ आणि दवा यांच्यात भांडण लावू नये. अपेंडिक्स दुखले की आपण दुआ करत करतच रिक्षा बोलावतो. मनाच्या आजारात मात्र फक्त दम करून आणायला पाठवतो, तावीज बांधतो आणि वर्ष घालवतो. काही ठिकाणी तर 'जिन उतरवण्या'च्या नावाखाली आजारी मुलीला मारहाण होते. ज्या शरीराला आधीच आराम हवा आहे, त्यावर हा जुलूम आहे, आणि तो थांबवणे घरातल्या कर्त्या माणसांचे काम आहे.

शेवटची गोष्ट सगळ्यात निकडीची. कुणी 'जगून काय करू', 'मी नसले तर बरे' असे बोलले, तर ते नाटक समजू नये, आणि 'तौबा कर, असे बोलू नये' म्हणून गप्पही करू नये. शांतपणे विचारावे, ऐकावे, त्या माणसाला एकटे सोडू नये. घरातली कीटकनाशके आणि गोळ्या दूर ठेवाव्यात आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सरकारची 'टेली मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते, तिथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आजच घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये लिहून ठेवावा.

आपल्या घरात वाचता न येणारी दादी, नानी असेल तर हा लेख तिला वाचून दाखवावा. सून किंवा मुलगी खोलीतून बाहेर येत नाही तेव्हा घरात पहिला शब्द तिचाच चालतो. तिने एकदा 'पोरगी आजारी आहे, डॉक्टरांना दाखवा' म्हटले, की बाकीच्यांची तोंडे आपोआप बंद होतात.